सतरा महिने आणि एक पोलादी सायकल

माझी उंची १५२ सेंटीमीटर आणि वजन ४७ किलो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

मी मूळची साताऱ्याची, गेली काही वर्षं इंग्लंडात कव्हेंट्रीला असते. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी. घरापासून काम ९ किलोमीटर, रोज सायकलने. रविवारी क्लबाबरोबर लांबची फेरी, उन्हाळ्यात आठवड्यातल्या एका संध्याकाळी १० मैलांची टाइम ट्रायल, म्हणजे घड्याळाविरुद्धची शर्यत. २०१७ पासून हे सगळं एकाच सायकलवर चाललं होतं. दुकानातल्या सगळ्यात लहान मापाची ती अल्युमिनियमची रेसिंग सायकल. दीड तास झाला की मानेखाली कळ यायची, हाताची शेवटची दोन बोटं बधिर व्हायची, आणि हळू वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागायचं. ऑक्टोबर २०२१ मध्ये एका सिग्नलला अगदी चालण्याच्या वेगात वळताना ते अडकलं आणि मी रस्त्यावर पडले. मागची गाडी वेळेत थांबली. कोपर सोलवटलं, एवढ्यावर निभावलं. त्या रात्री ठरवलं की आता मापाची सायकल करून घ्यायची.

शिंप्याकडे कापड टाकावं तसं हे काम असेल अशी माझी समजूत होती. सायकल हातात यायला सतरा महिने लागले. या काळात मराठीत कुणी लिहिलेलं शोधत होते, ते मिळालं नाही. म्हणून तारखा आणि खर्चासकट लिहून ठेवते आहे.

पोलादी सायकल आरामशीर असते असं म्हणतात. पण पोलाद मी आरामासाठी निवडलं नव्हतं, रूपासाठी निवडलं होतं. आमच्या क्लबातल्या एका ज्येष्ठ सभासदांकडे जुनी हेचिन्स सायकल आहे, लंडनच्या टॉटनहॅमची. पोलादी सायकलीत दोन नळ्या जिथे भेटतात तिथे एक बाही असते, तिला लग म्हणतात. नळ्या त्या बाहीत घालून चांदीच्या किंवा पितळेच्या डाखाने झाळतात. हेचिन्सचे लग म्हणजे वेलबुट्टी. कडा कागदासारख्या पातळ, टोकं वळवलेली, कडेने सोनेरी रेघ. आमचं घर सोनाराचं. मोती चौकाजवळच्या बोळात आण्णांचं दुकान आहे, आणि शाळेतून आले की मी त्यांच्या पाटाशेजारी बसून कानशीचा आवाज ऐकत अभ्यास करायची. ती सायकल पाहिली तेव्हा मला तो पाट आठवला. असं काहीतरी आपल्याकडे असावं असं फार मनापासून वाटलं.

जानेवारी २०२२ मध्ये चार कारागिरांना पत्रं पाठवली. एकाने उत्तरच दिलं नाही. एकाने नवीन कामं घेणं थांबवलं होतं. एकाची प्रतीक्षायादी अठरा महिन्यांची. चौथे श्रॉपशरमधल्या एका खेड्यात एकटेच काम करतात. त्यांनी दहा महिने सांगितले आणि फोनवर पाऊण तास बोलले. पहिल्या पत्रात आपली उंची, वजन, पायाचं आतल्या बाजूचं माप, सध्याच्या सायकलचं मॉडेल आणि नेमकं कुठे दुखतं एवढं लिहा. ‘सुंदर सायकल हवी आहे’ असं मी आधीच्या तिघांना लिहिलं होतं. त्यातून समोरच्याला काहीच कळत नाही.

२६ फेब्रुवारी २०२२, शनिवार. मोजमापाला गेले, जुनी सायकल बरोबर घेऊन. त्यांनी आधी मला मोजलंच नाही. माझी सायकल टेबलावर उभी करून तिचे कोन घेतले. हँडलखालची पुढची नळी ७० अंशांवर कललेली, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा बाक ४५ मिलिमीटर. कागदावर आकडेमोड करून ते म्हणाले, “ट्रेल ७५ निघतो. हळू असताना हँडल आपोआप एका बाजूला पडतं का?” पडायचं. पाच वर्षं मला वाटत होतं की माझ्याच हातात जोर कमी आहे.

ट्रेल म्हणजे काय ते समजून घेण्यासारखं आहे. हँडल ज्या तिरक्या रेषेभोवती फिरतं ती रेषा जमिनीपर्यंत नेली, तर ती चाक जिथे टेकतं त्याच्या थोडी पुढे टेकते. या दोन बिंदूंतलं अंतर म्हणजे ट्रेल. रेसिंग सायकलला ते साधारण ५५ ते ६० मिलिमीटर असतं. ते वाढलं की सायकल वेगात सरळ धावते, पण हळू असताना जड आणि ओढाळ होते. लहान मापाच्या फ्रेमलाही चाक मोठ्या मापाचंच लावतात. मग बूट चाकाला लागू नये म्हणून कारखाने पुढची नळी कलती करतात आणि चिमटा मात्र सगळ्या मापांना एकच वापरतात. बुटंक्या माणसाची वळणं अशी बिघडतात. त्यांनी मला ७२ अंश आणि खास वाकवलेला ५५ मिलिमीटर बाकाचा चिमटा सुचवला. त्याने ट्रेल ५२ वर येणार होता. शिवाय १७० ऐवजी १६० मिलिमीटरचे क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे; बूट तेवढाच मागे.

मग नळ्यांचा विषय निघाला. इथे माझ्या बऱ्याच समजुती मोडल्या. पोलादी नळीवर रेनॉल्ड्स या नळ्या बनवणाऱ्या कंपनीचे ५३१, ७५३, ८५३ असे आकडे असतात आणि आकडा मोठा तर सायकल चांगली असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात कुठलंही पोलाद घ्या, त्याचा ताठपणाचा गुणांक जवळपास एकच असतो, सुमारे २०० गिगापास्कल. महाग पोलाद जास्त ताकदवान असतं, म्हणून त्याची नळी पातळ करता येते. सायकल ताठ की लवचीक हे नळीचा व्यास आणि जाडी ठरवतात. त्यातही व्यासाचा प्रभाव घनाच्या प्रमाणात: २८.६ मिलिमीटरची नळी सोडून त्याच जाडीची ३१.८ ची घेतली तर ती सुमारे ३७ टक्के जास्त ताठ होते. आणि नळी जितकी आखूड तितकी ती वाकायला नाखूश. सहा फुटी माणसासाठी ठरवलेल्या नळ्याच कारखाना कापून लहान फ्रेमला लावतो, आणि वर बसणार ४७ किलोची बाई. त्यांनी माझ्यासाठी जुन्या बारीक मापाच्या नळ्या निवडल्या: आडवी नळी २५.४, खालची तिरकी २८.६, टोकांना ०.८ आणि मधे ०.५ मिलिमीटर जाड, रेनॉल्ड्स ७२५ च्या. टोकांना जाड आणि मधे पातळ अशा नळीचं पेटंट रेनॉल्ड्स घराण्याचंच, १८९७ चं, बर्मिंगहॅमचं.

“मग लगने चालण्यात काय फरक पडतो?” मी विचारलं. त्यांनी हातातली कानस खाली ठेवली. नव्वदच्या दशकातली एक चाचणी त्यांनी सांगितली. एका अमेरिकन मासिकाने अंतोनिओ मोन्दोनिको या इटालियन कारागिराकडून सात फ्रेमी करून घेतल्या. माप एक, कोन एक, फक्त कोलंबस कंपनीच्या नळ्या वेगवेगळ्या, स्वस्तापासून महागापर्यंत. कुठली कुठली आहे हे न सांगता त्या चालवायला दिल्या. चालवणाऱ्याला खात्रीने फरक सांगता आला नाही. “नळ्यांचं हे असं,” ते म्हणाले, “तर लगच्या नक्षीचं तुम्हीच ठरवा.” कोरीव लगची कामं करून पोट भरणारा माणूस हे सांगत होता, म्हणून मला ते जास्त पटलं.

घरी येऊन हिशोब मांडला. २०० पौंड अनामत भरून झाली होती.

आता कागदपत्रांबद्दल. ब्रिटनमध्ये ‘सायकल टू वर्क’ नावाची योजना १९९९ पासून आहे. मालक सायकल घेतो, तुम्हाला भाड्याने देतो, आणि भाडं कर कापण्याआधीच्या पगारातून वळतं होतं. पूर्वी बहुतेक ठिकाणी १,००० पौंडांची मर्यादा असे. २०१९ च्या नव्या सूचनांनंतर मालक त्याहून मोठी रक्कम देऊ लागले. आमच्याकडची मर्यादा होती ३,००० पौंड. अटी नीट वाचा: सायकलचा निम्म्याहून जास्त वापर कामाच्या प्रवासासाठी हवा, कपातीनंतर पगार किमान वेतनाखाली जाता कामा नये, आणि आमच्या योजनेत वरून स्वतःचे पैसे घालायला परवानगी नव्हती. म्हणजे सगळं ३,००० च्या आतच बसवायचं. त्या वर्षी पेन्शनसाठी धरला जाणारा पगारही थोडा घटतो. निवृत्ती जवळ असेल तर आधी पगार विभागाला विचारा.

अर्ज वर्षातून दोनदाच घेत, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. एप्रिल २०२२ चा माझा अर्ज परत आला. कोटेशनवर ‘फ्रेम आणि चिमटा’ असं लिहिलं होतं, आणि योजनेत पूर्ण सायकलच चालते. त्याशिवाय माझे कारागीर योजना चालवणाऱ्या कंपनीच्या यादीत नव्हते. नोंदणीला सहा आठवडे लागले, आणि ती कंपनी विकणाऱ्याकडून दलाली कापते हे तेव्हा कळलं. एकट्या माणसाच्या कारखान्याला तो मोठा घास आहे. त्यांनी तो मुकाट्याने सोसला, मला त्याचं वाईट वाटलं. तुमचा कारागीर छोटा असेल तर हा विषय पहिल्या भेटीतच काढा.

ऑक्टोबरमध्ये नवं कोटेशन गेलं. ते जसंच्या तसं देते, पौंडांत: फ्रेम आणि चिमटा १,४५०, रंग २२०, शिमानो १०५ हा गिअर-ब्रेकचा संच ५६०, हाताने तारा ओढलेली चाकं ३४०, टायर-ट्यूब ९०, हँडल, स्टेम, सीट आणि तिची दांडी २३०, मडगार्ड ७०. एकूण २,९६०.

यात कोरीव लग नाहीत. ते हवे असतील तर ३८० जास्त, आणि त्यांना क्रोम करायचं तर आणखी २४०. म्हणजे तयार स्वस्त चाकं, साधे टायर, मडगार्ड नाही, आणि तरी ताणाताण. एप्रिल ते ऑक्टोबर मी रोज या दोन याद्या समोर ठेवून बसत असे. शेवटी आण्णांना फोन लावला. त्यांना सायकल म्हणजे हर्क्युलिस माहीत, बर्मिंगहॅमचं नाव आणि मद्रासची घडण. १९४९ मध्ये तिथे टी. आय. सायकल्स सुरू झाली. तिची ब्रिटिश पालक कंपनी ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स हीच तेव्हा रेनॉल्ड्सचीही मालक होती. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

“कोरीव म्हणजे, कड पातळ करतो का नुसती नक्षी?”

कड साध्या लगचीही पातळ करतात, मी सांगितलं. जाड कड अचानक संपली तर तिथेच नळीवर ताण येतो, म्हणून.

“मग झालं की. नक्षी कुणीही बघतं गं. डाख आतपर्यंत उतरलाय का हे तुला कोण दाखवणार? ते विचार त्यांना.”

मी साधे लग लिहून दिले. दोन दिवस रुखरुख लागून राहिली, खोटं कशाला सांगू.

हेचिन्सच्या सभासदांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एक गोष्ट ऐकवली. त्यांच्या सायकलच्या मागच्या नळ्या नागमोडी आहेत. त्या धक्के शोषतात अशी त्यांची ख्याती होती. पण हौशी शर्यतींत सायकलवर बनवणाऱ्याचं नाव छायाचित्रात दिसलेलं तेव्हा चालत नसे. म्हणून दुरूनच ओळखू यावी अशी घडण कारागिरांनी काढली, असं जुने लोक सांगतात. नक्षी ही त्या काळची पाटी होती. हे ऐकल्यावर ती सायकल मला पूर्वीइतकीच सुंदर वाटते, फक्त तिच्याकडून आरामाची अपेक्षा राहिली नाही.

थांबण्याच्या या महिन्यांत मला सगळ्यात धीर दिला तो आयलीन शेरिडन यांनी. त्या कव्हेंट्रीच्याच, उंची ४ फूट ११ इंच, म्हणजे माझ्यापेक्षाही कमी. १९५४ मध्ये त्यांनी लँड्स एंडपासून जॉन ओ’ग्रोट्सपर्यंत, इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकापासून स्कॉटलंडच्या उत्तर टोकापर्यंत, २ दिवस ११ तास ७ मिनिटांत सायकल नेली. महिलांचे सगळेच्या सगळे २१ रस्ता-विक्रम त्यांच्या नावावर होते. आणि सायकल कुठली, तर हर्क्युलिस. आण्णांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, “आपल्यावाली हर्क्युलिस?”

मंजुरी ९ नोव्हेंबर २०२२ ला आली. त्याआधी एक चूक माझ्या हातून होता होता राहिली. आराखडा मंजुरीसाठी जूनमध्येच आला होता आणि मी कोन, लांब्या सगळं तपासून सही केली होती. ऑक्टोबरमध्ये पुन्हा पाहताना लक्षात आलं की मागच्या बाजूला मडगार्ड अडकवायला भोकांचे कान दाखवलेलेच नाहीत. रोज पावसात कामाला जायचं तर ते हवेतच. फ्रेम झाळून रंग लागल्यावर ते बसवायचं म्हणजे रंग खरवडून पुन्हा सगळं करणं. आराखडा हातात आला की आधी एक यादी करा: मडगार्डचे कान, बाटलीच्या जागा दोन, पंपाची खुंटी, ब्रेकच्या तारेचे थांबे, टायरला किती जागा. आकड्यांच्या नादात हेच निसटतं.

१९ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी अकरा वाजता मी कारखान्यात होते आणि साताऱ्यात साडेचार वाजता आण्णा व्हिडिओ कॉलवर. चिमट्याच्या नळ्या कारागिरांनी लाकडी साच्यावर गारच वाकवून ठेवल्या होत्या. पुढची नळी लगमध्ये बसवलेली, सांध्याला पांढरा लेप. ते मिश्रण बोरॅक्सच्या जातीचं, आपला टाकणखारच तो. ज्योत फिरू लागली. लेप आधी लाहीसारखा फुलला, मग बसला, मग काचेसारखा नितळ झाला. आण्णा फोनच्या पडद्याला नाक लावून बसले असावेत. चांदीची सळी लगच्या वरच्या कडेला टेकली आणि क्षणभर काहीच झालं नाही. मग खालच्या कडेला, जिथे सळीचा स्पर्शही नव्हता, एक केसाएवढी चमकती रेघ उमटली आणि सांध्याभोवती फिरत गेली. डाख उष्णतेकडे धावतो, फट जितकी बारीक तितका आत शिरतो.

“ज्योत मागं घे म्हणावं,” आण्णा पुटपुटले. मी भाषांतर करायच्या आतच कारागिरांनी ज्योत मागे घेतली होती.

सळीत चांदी किती हे आण्णांना हवं होतं. ५५ टक्के. साडेसहाशे अंशांच्या आसपास ती वितळते. पितळेला नऊशेच्या आसपास जावं लागतं आणि पातळ नळी तेवढी तापवली तर मऊ पडायची भीती. कारागीर म्हणाले, तरुणपणी ७५३ च्या नळ्या मिळवायच्या तर आधी एक सांधा झाळून रेनॉल्ड्सकडे तपासायला पाठवावा लागे. पसंत पडला तरच नळ्या विकत. मग त्यांनी पायडलचा आस ज्या नळकांड्यात बसतो ते उचललं आणि विजेरी आत धरली. चार नळ्यांची टोकं आत आलेली, प्रत्येकीचं तोंड शेजारणीच्या गोलाईवर बसेल असं कापलेलं, आणि प्रत्येकीभोवती चांदीचं अखंड कडं. हे भाग बसल्यावर कुणालाच पुन्हा दिसणार नव्हतं. मी फोन तिथे धरला. आण्णा म्हणाले, “हां.” त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी पावती मी दुकानात कधी ऐकलेली नाही.

जानेवारीत फ्रेम सपाट लोखंडी टेबलावर तपासली, मागची दोन टोकं मधल्या रेषेपासून सारखी आहेत की नाहीत ते पाहिलं. कारागिरी चालण्यात उतरते ती इथे. मापात नसलेली फ्रेम आयुष्यभर एका बाजूला ओढते. रंगाला तीन आठवडे सांगितले होते, सात लागले. त्याबद्दल विशेष सांगण्यासारखं काही नाही, फक्त वाट बघितली. जानेवारीपासून पगारातून महिन्याला २४७ पौंड कापले जाऊ लागले. कर आणि राष्ट्रीय विमा वाचल्यामुळे हातात मात्र साधारण १७० नेच कमी येत होते. अनामत परत मिळाली.

१८ मार्च २०२३ ला सायकल ताब्यात आली. गडद हिरवी, साधे टोकदार लग, कुठेही रेघ नाही. खेड्यातल्या रस्त्यावर पहिल्या शंभर मीटरमध्ये जाणवलं की हँडल कुठेच पडत नाहीये. हात सोडून पाहिले. सरळ. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण पाच वर्षं मी दोष माझ्या हातांना देत आले होते. बुटाचं टोक अजून लागतं, पण हँडल पार वळवलं तरच आणि अगदी निसटतं. हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मोठ्या चाकांवर या उंचीला ते पूर्ण जात नाही.

पहिले दोन आठवडे मी सगळ्यांना सांगत सुटले की पोलादाचा आराम काही औरच. मग मनात शंका आली. जुन्या सायकलला २३ मिलिमीटरचे टायर, दुकानदाराच्या सांगण्यावरून ७ बार हवा. नवीला २८ चे, आणि माझ्या वजनाला कारागिरांनी सांगितलेली हवा ४ बार. म्हणून एप्रिलमध्ये एक आठवडा जुन्या सायकलची चाकं नवीला लावून कामावर गेले. ब्रेक आणि मागचं अंतर जुळत होतं, म्हणून हे जमलं. पहिल्याच किलोमीटरला आराम गेला. तोच खडबडीत रस्ता, तीच झिणझिण. आराम बहुतांशी टायरात आणि हवेत होता, आणि तो नव्वद पौंडांचा होता. पण हँडल तसंच शहाणं राहिलं, मान दुखली नाही, आणि चढावर सीटवरून उठून पायडल मारताना सायकल पायाखाली जशी हलकेच दबते आणि परत येते, तेही तसंच राहिलं. हे शेवटचं बारीक नळ्यांमुळे की माझ्या मनाचं, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. त्या सात फ्रेमींची गोष्ट लक्षात आहे. मान आणि हँडल मात्र मोजमापाचं देणं, याबद्दल मला शंका नाही. तुम्हाला फक्त धक्क्यांचा त्रास असेल, तर आधी रुंद टायर लावून हवा कमी करून बघा. एवढ्या खर्चात पडू नका.

वर्षभराचं भाडं जानेवारी २०२४ मध्ये संपलं. तेव्हा लगेच सायकल स्वतःच्या नावावर करून घ्यायची तर करखात्याच्या तक्त्याप्रमाणे ५०० पौंडांवरच्या सायकलला मूळ किमतीच्या २५ टक्के, म्हणजे ७४० पौंड. त्याऐवजी भाडेकरार वाढवून घेता येतो. एकूण चार वर्षं झाल्यावर हाच दर ७ टक्के होतो, म्हणजे २०७. मी वाढवून घेतला. कागदोपत्री ही सायकल अजून माझी नाही. घराच्या विम्यात तिचं नाव वेगळं घालून घ्या. चोरीला गेली तर जबाबदारी आपलीच.

ऑगस्ट २०२४ मध्ये आण्णा आले. विमानतळावरून घरी पोचल्यावर चहा व्हायच्या आधी त्यांनी सायकल मागितली. चष्मा बदलला, सायकल उलटी करायला लावली, आणि दागिना मागून बघतात तसे खालून बघू लागले. अंगठ्याच्या नखाने प्रत्येक लगची कड चाचपत गेले. पुढचे दोन सांधे, खालचं नळकांडं, मग सीटखालचा. तिथे डाव्या बाजूला नख थांबलं. पुन्हा मागे नेलं, पुन्हा थांबलं. मला हात लावायला सांगितला. दीड वर्षात मला कधी जाणवलं नव्हतं, रंगाखाली डाखाचा मोहरीएवढा उंचवटा.

“इथं कानस फिरवायची राहिली,” ते म्हणाले. “बाकी काम चोख आहे. कधी रंग काढलास तर मला सांग.”